बोलायची जागा राखतं कोण?

(एटापल्ली येथील व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय ऐकायला यंत्राचा वाटतो, पण आहे माणसांचा. दूरदूरच्या गावांतली माणसं फोनवरून एकमेकांशी बोलतील, एकाचं म्हणणं शंभरांना ऐकू जाईल, अशी एक सामाईक जागा उभी करायची, तर काय लागतं? आणि ती फारशा कुणाला माहीत नसलेल्या सॉफ्टवेअरवर उभी राहिली, तर पुढे ती चालवायची कुणी?

हा प्रश्न एटापल्लीत विचारायला कारण आहे. आपल्या तालुक्याची पूर्वेची हद्द छत्तीसगडला लागते. हद्दीच्या त्या बाजूला, गोंडी बोलणाऱ्यांच्याच मुलखात, हा प्रयोग 2010 पासून झाला. त्यातून आपल्याला काय घेता येईल आणि काय घेऊ नये, हे आज पाहू.

आवाजच का?

2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणाऱ्यांची संख्या तीस लाखांच्या जवळपास आहे. पण ही माणसं पाच-सहा राज्यांत विखुरलेली. तेलंगणात गोंडी तेलुगू लिपीत लिहितात, आपण देवनागरीत. शिवाय मंगलसिंग मसराम यांनी केलेली लिपी आहे, आदिलाबादकडची गुंजाळा लिपी आहे. या दोन्ही लिप्या संगणकाच्या जागतिक प्रमाणात, म्हणजे युनिकोडमध्ये, आल्या त्या 2017 आणि 2018 मध्ये. त्यातून आपल्याकडची माडिया बोली पुन्हा वेगळी. म्हणजे लिहून बोलायचं ठरवलं, की आधी भांडण लिपीचं. आणि ज्या आजीला जंगलातलं सगळ्यात जास्त कळतं, ती तर पहिल्याच पायरीला बाहेर!

आवाजाला लिपी लागत नाही. साधा बटणाचा फोनही पुरतो. म्हणून छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी या पत्रकारानं, जे आधी बीबीसीसाठी काम करत, फेब्रुवारी 2010 मध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलं. एक फोन नंबर. त्यावर फोन लावला की यंत्र विचारतं: बोलायचं असेल तर एक दाबा, ऐकायचं असेल तर दोन दाबा. बोलणाऱ्यानं दोन-तीन मिनिटांत आपलं म्हणणं सांगायचं. ते लगेच सगळ्यांना ऐकू येत नाही. आधी संपादक ऐकतो, तपासतो, मगच ते खुलं होतं. सुरुवातीला फोनचा खर्च बोलणाऱ्यावर पडायचा. पुढे सोय झाली, की नुसता मिस्ड कॉल द्यायचा आणि यंत्र उलट फोन करणार.

यामागचं सॉफ्टवेअर बाजारातलं नव्हतं. ‘ॲस्टरिस्क’ नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते साध्या संगणकाचं टेलिफोन एक्स्चेंज करून टाकतं. त्याच्यावर एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठात ‘ऑडिओ विकी’ हा प्रकल्प बांधला गेला आणि बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या मदतीनं तो इथे चालू झाला. मुक्त सॉफ्टवेअर, त्यामुळे परवान्याचे पैसे नाहीत. हवा तसा बदल करता येतो. पण यंत्र सुरुवातीला होतं बेंगळुरूला आणि बोलणारे होते बस्तरमध्ये. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

पहिलं काम: ऐकणाऱ्यांची काळजी

अशी जागा काढली, की सगळ्यांचं लक्ष कुठे असतं? बोलणाऱ्यांवर. आज किती जण बोलले, किती संदेश आले. पण 2012 मध्ये ‘स्वर’वर एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातले आकडे बघा. तोवर 70 हजारांहून जास्त फोन आले होते आणि खुले झालेले संदेश होते साधारण 1,100. म्हणजे एका खुल्या संदेशामागे साठाहून जास्त फोन. ऐकायला येणारा माणूसच अशा जागेचा खरा रहिवासी असतो. बाजारात बघा, आवाज विकणाऱ्यांचा असतो, पण बाजार भरतो तो येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे.

मग ऐकणाऱ्याला काय हवं असतं? गुजरातमध्ये 2009 मध्ये ‘अवाज ओटलो’ नावाची अशीच सेवा शेतकऱ्यांसाठी चालली. ओटलो म्हणजे आपला ओटा. तिथे संशोधकांनी एक गंमत पाहिली. शेतकऱ्यांना विचारलं, सल्ला कुणाचा आवडेल? ते म्हणाले, तज्ज्ञांचा. पण प्रत्यक्षात अधिक माहितीसाठी पुन्हा फोन जास्त आले, ते दुसऱ्या शेतकऱ्याच्या आवाजातला सल्ला ऐकून. माणूस तोंडानं एक सांगतो, कान दुसरीकडे जातात. आपल्यासारख्याचा आवाज ऐकला की विश्वास बसतो. म्हणून साहेबांची भाषणं भरून अशी जागा चालत नाही.

दुसरं काम: तपासणी

‘स्वर’वर तक्रारी यायच्या. शिक्षक येत नाही, हातपंप बंद आहे, मजुरी मिळाली नाही. बोलणारा बहुधा शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा फोन नंबर सांगायचा, आणि लांबच्या शहरातले ऐकणारे त्या अधिकाऱ्याला फोन लावायचे. कधी काम व्हायचं, मग तोच माणूस परत फोन करून सांगायचा, काम झालं, आभार. हे या प्रयोगाचं मोठं यश आहे. पण त्यात संपादकाची जबाबदारी किती वाढते, ते पाहा. चुकीचा आरोप सुटला तर एका माणसाची अब्रू जाते. खरा आरोप दाबला तर लोक म्हणतात, ही जागाही त्यांचीच.

आणि आपल्या भागात आणखी एक प्रश्न आहे, जो शहरातल्या कुणाला पटकन सुचणार नाही. आवाज ही ओळख असते. नाव काढून टाकलं तरी गावातल्यांना कळतं, हे कोण बोललं. ज्या मुलखात लोकांनी दोन्ही बाजूंच्या बंदुका पाहिल्यात, तिथे संपादकानं ‘हे खरं आहे का?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘हे ऐकल्यावर बोलणाऱ्याचं काय होईल?’ हेही विचारावं लागतं. काही गोष्टी खऱ्या असून खुल्या करायच्या नसतात, आणि तो निर्णय बोलणाऱ्याला विचारूनच घ्यायचा असतो.

मग हा संपादक कोण असावा? आमच्या मते याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). तिथल्या ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीनं होतात, हे सगळ्यांना माहीत आहे. 2009 मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तोही सगळ्यांनी ऐकलाय. पण त्याच्या मागे ‘अभ्यास गट’ होता, त्याकडे कमी लोकांचं लक्ष जातं. अभ्यास गटात चर्चा करायची, माहिती काढायची, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेचा. समजून घेणारे वेगळे, ठरवणारे सगळे.

फोनवरच्या जागेला हीच वाटणी लावा. तीन-चार जणांनी संदेश ऐकायचे, तपासायचे. पण कोणत्या प्रकारचं बोलणं चालेल, कोणतं नाही, हे त्यांनी ठरवायचं नाही. ते ग्रामसभांनी ठरवायचं. संदेश थांबवला तर का थांबवला, हे बोलणाऱ्याला फोन करून सांगायचं. नाहीतर ज्याच्या हातात बटण, तोच पाटील.

तिसरं काम: चावी

आता ते बेंगळुरूचं यंत्र. फारसं माहीत नसलेलं सॉफ्टवेअर वापरण्यात वाईट काही नाही. उलट आपल्या गरजेला ते जास्त जुळतं. धोका वेगळाच आहे. ते बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस कुठे राहतो? मिस्ड कॉलनंतर उलट फोन करण्याचा खर्च दर महिन्याला येतो, तो कोण भरतो? अनुदान संपलं तर नंबर कुणाच्या नावावर? साठवलेले आवाज कुणाकडे? आज माडियात झाडपाल्याची माहिती सांगणारी एखादी आजी उद्या नसेल. तिचा आवाज ज्या डब्यात आहे, त्याची चावी हरवली तर तो परत भरून घेता येणार नाही.

‘स्वर’च्या लोकांनीही हा प्रश्न ओळखला होता. म्हणून पुढे ‘बुल्टू रेडिओ’ आला. बुल्टू म्हणजे ब्लूटूथ. आलेल्या संदेशांचा एक कार्यक्रम बांधायचा, जिथे इंटरनेट आहे अशा ग्रामपंचायतीत तो उतरवून घ्यायचा, आणि पुढे या फोनवरून त्या फोनवर, फुकट. आपल्याकडे टॉवर नसलेली गावं आहेत, पण आठवडी बाजार सगळ्यांना आहे.

मग एटापल्लीत काय?

सुरुवात लहान करा. एकच विषय घ्या. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. 70 पानांचा पुडा, हजार पुड्यांची प्रमाण गोणी. ग्रामसभा स्वतः लिलाव करतात, पण शेजारच्या इलाख्यात कंत्राटदारानं काय भाव दिला, कोणत्या अटी घातल्या, मागच्या वर्षीचे पैसे दिले का, हे फळीवर वेळेत कळत नाही. एवढीच माहिती, गावाच्या माणसाच्या आवाजात, माडियात आणि मराठीत. खुली करण्याआधी त्या ग्रामसभेच्या अध्यक्षाला किंवा सचिवाला एक फोन. यंत्र सांभाळायला तालुक्यातलीच किमान तीन मुलं-मुली तयार करा. एक शिकायला गेली, एकाचं लग्न झालं, तरी तिसरा असेल. साठवलेल्या आवाजांची एक प्रत दर महिन्याला दुसऱ्या गावात ठेवा.

श्रोत्यांमधून आलेला एक प्रश्न

*हे सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर का नाही करायचं? सगळ्यांकडे तेच आहे.*

सगळ्यांकडे नाही, हे पहिलं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी जरूर वापरा. निरोपाला ते उत्तम आहे. पण ग्रुपवर सकाळचा तेंदूचा भाव संध्याकाळपर्यंत शुभेच्छांखाली गाडला जातो. सहा महिन्यांनी तो शोधायचा कसा? कंत्राटदारही त्याच ग्रुपमध्ये असेल तर बोलणार कोण? आणि ग्रुपचा ॲडमिन कुणी नेमला? सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, हे प्रश्न सुटत नाहीत. ते गोटुलात बसूनच सोडवावे लागतात. आधी बैठक घ्या, तिथे कोण ऐकेल, कोण तपासेल आणि चावी कुणाकडे राहील हे ठरवा. सॉफ्टवेअर निवडणं हे त्यानंतरचं आणि त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे.