कॅलिफोर्नियात प्लॉटचे दोन तुकडे करण्याचे नियम

कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2022 पासून ‘एसबी 9’ हा कायदा लागू आहे. एका कुटुंबाच्या घरासाठी राखलेल्या शहरी प्लॉटचे दोन भाग करून प्रत्येकावर दोन घरे बांधण्याची मुभा तो देतो. अर्ज निकषांत बसला, तर सार्वजनिक सुनावणी न घेता मंजुरी द्यावी लागते.

निकष नेमके आहेत. प्रत्येक भाग किमान 1,200 चौरस फुटांचा असावा आणि मूळ प्लॉटच्या 40 टक्क्यांहून लहान नसावा. मागील तीन वर्षांत भाडेकरू राहिलेले घर पाडता येत नाही. भाड्याने देताना मुदत 30 दिवसांहून अधिक हवी.

गुंतवणूकदाराला खरी अडचण येते ती दुसऱ्याच अटीची. विभाजन मागणाऱ्याला तिथल्या एका घरात तीन वर्षे स्वतः राहण्याचा इरादा प्रतिज्ञापत्रावर द्यावा लागतो. शेजारचा प्लॉट त्याच मालकाने आधी या कायद्याखाली विभागला असेल, तर परवानगी मिळत नाही.

उंची, रचना आणि पार्किंगचे वस्तुनिष्ठ नियम शहरे ठरवतात. मात्र 800 चौरस फुटांचे घर अशक्य होईल, असा नियम चालत नाही. वुडसाइड गावाने 2022 मध्ये संपूर्ण गाव माउंटन लायनचा अधिवास असल्याचे सांगून अर्ज थांबवले होते. राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या इशाऱ्यानंतर ते पाऊल मागे घेतले गेले. 2025 पासून ‘एसबी 450’नुसार पूर्ण अर्जावर 60 दिवसांत निर्णय झाला नाही, तर तो मंजूर मानला जातो.