मोहाचा बहर आणि रात्रीचे पाहुणे

आपल्या बांधावर मोहाचे झाड असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पहाटे त्याखाली पडलेला फुलांचा सडा आपण पाहतच असाल. पण त्या झाडाचे खरे काम रात्रीच उरकलेले असते आणि ते मुख्यत्वे फळे खाणारी वटवाघळे करतात.

बहराच्या वेळी झाडाची बहुतेक पाने गळालेली असतात. फुलांचे घोस फांद्यांच्या टोकांना येत असल्याने वटवाघळाला तेथे सहज पोचता येते. अंधार पडला की गोडसर, काहीसा उग्र वास दूरवर पसरतो. कीटक खाणारी लहान वटवाघळे प्रतिध्वनीवर शिकार शोधतात. फळे खाणाऱ्यांचा भर मात्र मोठे डोळे आणि तीक्ष्ण नाक यांवर असतो. त्यामुळे मोहाच्या फुलाला भडक रंग लागत नाही.

फुलाची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. फूल पूर्ण उमलण्यापूर्वीच कुक्षी लांब दांड्यासह बाहेर डोकावते. पुंकेसर मात्र फिकट, मांसल आणि साखरेने भरलेल्या पाकळ्यांच्या नळीत दडलेले असतात. वटवाघूळ ही नळी तोंडाने ओढून खाते तेव्हा पराग त्याच्या तोंडाला व केसांना चिकटतात आणि दुसऱ्या झाडावर बाहेर आलेल्या कुक्षीला लागतात.

फुले वेचली तर टोळंबी कमी मिळते का? नाही. खाली पडते ती पाकळ्यांची नळी आणि तिला चिकटलेले पुंकेसर. फळ धरणारा भाग फांदीवरच राहतो. नुकसान होते ते फांद्या झोडपल्याने व तोडल्याने. वेचणी सोपी व्हावी म्हणून पाला पेटवण्याची पद्धतही सोडावी. आगीत बुंधा भाजतो, खालची रोपे मरतात आणि वणव्याचा धोका वेगळाच. त्याऐवजी जाळी किंवा जुनी साडी अंथरावी. फुलेही स्वच्छ मिळतात.

पेरू-चिकूच्या बागेत हीच वटवाघळे त्रास देतात, हे खरे. तेथे झाडांवर जाळी टाकावी, फळांना पिशव्या बांधाव्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बहुतेक फळखाऊ वटवाघळे उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होती. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच वगळले आहे. गावातील ज्या वडा-पिंपळावर वटवाघळे दिवसा लटकतात, ती झाडे तोडू नयेत, तेथे फटाकेही वाजवू नयेत. खाली पडलेले वटवाघूळ मात्र उघड्या हाताने उचलू नये.