कोळशाचा ट्रक, सातबारा आणि संगणकाची वही

नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, खापरखेडा आहे. तेथील औष्णिक वीज केंद्राची धुराडी पुष्कळ दुरून दिसतात. केंद्रात २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा एक संच आहे. म्हणजे एकूण क्षमता १३४० मेगावॅट. आता एक गणित करू. सगळे संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले तर सुमारे ३ कोटी २१ लाख युनिट वीज होईल. एका युनिटाला साधारण ०.७ किलो कोळसा धरा. दिवसाला साडेबावीस हजार टन कोळसा झाला! तो सारा ट्रकने आणला आणि एका ट्रकमध्ये वीस टन मावला, तर अकराशेहून अधिक ट्रक लागतील. (प्रत्यक्षात रेल्वेच्या वाघिणीही असतात.)

प्रत्येक ट्रक वजनकाट्यावर जाणार आणि त्याची नोंद होणार. समजा, ती वही तुमच्या हाती दिली. तुम्ही रकाने आखाल : पावती क्रमांक, तारीख, ट्रकचा क्रमांक, रिकाम्या ट्रकचे वजन, मालकाचे नाव, मालकाचा फोन, खाणीचे नाव, भरलेल्या ट्रकचे वजन. वही छान दिसेल. पण एकच ट्रक महिन्यातून पन्नास खेपा करतो, तेव्हा त्याच्या मालकाचे नाव आणि फोन पन्नास वेळा लिहावे लागतील. मालकाचा फोन बदलला तर? पन्नास ठिकाणी खाडाखोड. एकोणपन्नास ठिकाणी केली आणि एक राहिली, तर वहीत दोन सत्ये नांदू लागतील. आणखी एक गंमत पाहा. नवा ट्रक आला आहे, पण त्याने अजून एकही खेप केलेली नाही. त्याच्या मालकाचे नाव लिहायचे कोठे? खेप नाही, म्हणून ओळ नाही!

यावर उपाय म्हणजे एका वहीच्या तीन वह्या करणे. पहिलीत फक्त ट्रक : क्रमांक, रिकामे वजन, मालक, फोन. दुसरीत फक्त खाणी. तिसरीत खेपा : पावती क्रमांक, तारीख, ट्रकचा क्रमांक, खाणीचा क्रमांक आणि भरलेले वजन. मालकाचे नाव हवे असेल तर खेपेच्या ओळीतला ट्रकचा क्रमांक घ्यायचा आणि पहिल्या वहीत तो शोधायचा. हा क्रमांक म्हणजे किल्ली. ती एका ओळीला एकच हवी, दोन ट्रकांना एक क्रमांक चालणार नाही. माणसाला दर वेळी तीन वह्या चाळण्याचा कंटाळा येतो, संगणकाला येत नाही. म्हणूनच ही पद्धत संगणकावर फोफावली.

पण ती अगदीच परकी नाही. तुमच्या घरी शेती असेल तर सातबारा काढून पाहा. गाव नमुना सात म्हणजे जमिनीवरील अधिकारांची नोंद आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद, म्हणून तो सातबारा. त्यावर खातेदाराच्या नावाजवळ कंसात किंवा वर्तुळात एक आकडा दिसेल. तो फेरफार क्रमांक. हे नाव येथे कसे लागले, वारसाने की खरेदीने, ही हकिगत सातबाऱ्यावर नसते. ती गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, त्या क्रमांकापुढे असते. एका खातेदाराच्या गावातील सगळ्या जमिनी एकत्र पाहायच्या तर नमुना आठ-अ. ज्या किल्लीविषयी आपण बोललो ती संगणकाच्या आधीपासून तलाठ्याच्या दप्तरात होती! पुढे ही दप्तरे संगणकात गेली आणि २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्याआधी, २०१७ मध्ये, गावोगाव चावडी वाचन झाले, म्हणजे संगणकातील उतारे गावकऱ्यांसमोर वाचून दाखवले गेले. माझ्या मते या साऱ्या कामातला हा फार महत्त्वाचा भाग होता. वडिलांच्या नावातले एक अक्षर चुकले आहे, हे यंत्राला कधीच कळत नाही.

या पद्धतीचा गणिती पाया घातला एडगर कॉड यांनी. जन्म इंग्लंडचा, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक, नंतर अमेरिकेत आयबीएम कंपनीत संशोधक. जून १९७० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. संचसिद्धांतात ज्याला ‘संबंध’ म्हणतात तोच येथे तक्ता बनतो. (तक्त्यांचे आपसात संबंध असतात म्हणून हे नाव पडले, असे पुष्कळ जण सांगतात. शिक्षकांनी हे जरूर लक्षात घ्यावे.) १९८१ मध्ये कॉड यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. १९७४ मध्ये आयबीएममधीलच चेंबरलिन आणि बॉईस यांनी तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एक भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल. तिची वाक्ये सोपी असतात : काय हवे, कोणत्या तक्त्यातून, कोणत्या अटीवर.

आता एक अडचण. बँकेत तुमच्या खात्यातून ५०० रुपये वजा झाले, आणि मित्राच्या खात्यात जमा होण्यापूर्वीच वीज गेली. (खापरखेड्यातही वीज जाते बरे का!) मग ते ५०० रुपये कोठे गेले? भौतिकशास्त्रात आपण ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकतो, तसा येथे एकूण रकमेचा नियम पाळावा लागतो. दोन्ही बदल व्हावेत, नाहीतर एकही होऊ नये. संगणक हे कसे साधतो? आपले दुकानदार करीत तसेच. आधी रोजकीर्द, मग खतावणी. बदल करण्यापूर्वी तो काय बदलणार हे एका वेगळ्या रोजकीर्दीत लिहून ठेवतो. वीज परत आली की ती वाचतो. व्यवहार पुरा झाल्याची खूण तेथे असेल तर राहिलेले काम पुरे करतो, नसेल तर झालेले उलटवतो.

हे सगळे वर्गात शिकवणाऱ्या माझीच एकदा फजिती झाली. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले होते. एका मुलीची जन्मतारीख चुकली होती. मी आज्ञा लिहिली : विद्यार्थी तक्त्यात जन्मतारीख अमुक करा. ‘ज्या ओळीत क्रमांक अमुक आहे तेथे’ ही अट लिहायची राहिली. पडद्यावर उत्तर आले, ६१२ ओळी बदलल्या. क्षणात सगळे विद्यार्थी एकाच दिवशी जन्मले! व्यवहार उघडा ठेवला असता तर तो रद्द करता आला असता. पण मी तसे केले नव्हते. शिष्यवृत्तीच्या याद्या तिसऱ्या दिवशी पाठवायच्या होत्या. जतन केलेली प्रत होती, पण ती अकरा दिवसांपूर्वीची. मधल्या काळात त्रेचाळीस नवे प्रवेश झाले होते. प्रवेशअर्जांचे गठ्ठे सोडून मी आणि कार्यालयातील एक कारकून दोन रात्री बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी याद्या गेल्या.

त्यानंतर मी बदलाची आज्ञा देण्याआधी तीच अट घालून नुसता प्रश्न विचारतो : अशा ओळी किती? उत्तर ‘एक’ आले तरच पुढे जातो, आणि तेही व्यवहार उघडून. प्रत रोज निघते, दुसऱ्या खोलीतल्या यंत्रावर ठेवली जाते. महिन्यातून एकदा ती रिकाम्या यंत्रावर उतरवून पाहतो. पहिल्या खेपेला ती उघडलीच नव्हती, ही गोष्ट निराळी.

तुमच्या शाळेच्या ग्रंथालयातील देवघेवीची वही मागून घ्या. तिच्या किती वह्या करता येतील आणि प्रत्येकीची किल्ली कोणती, ते कागदावर मांडा. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर पुस्तकाचे नाव किल्ली म्हणून चालेल का? आणि एकाच वर्गात दोन सचिन पाटील असतील तर?