निजामकालीन नोंदींवरून वंशावळ-संशोधन (मराठवाडा)

निजामकालीन नोंदींवरून वंशावळ-संशोधन म्हणजे हैदराबाद संस्थानाच्या महसुली, न्यायिक व शालेय दप्तरांतील उल्लेख एकमेकांशी जोडून एखाद्या कुटुंबाची पितृवंशीय साखळी निश्चित करण्याची पद्धत होय. २०२३ पासून सुरू झालेल्या कुणबी नोंदींच्या शोधामुळे मराठवाड्यात तिला विशेष महत्त्व प्राप्त झाले. जुनी नोंद सापडणे ही या कामाची केवळ सुरुवात असते. त्या नोंदीतील व्यक्तीशी आजच्या अर्जदाराचे नाते सिद्ध करणे हा त्यातील निर्णायक भाग होय.

पार्श्वभूमी

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीखाली होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. या स्थित्यंतरांमुळे येथील जुनी दप्तरे तहसील, जिल्हा कार्यालये आणि हैदराबाद येथील अभिलेखागार यांत विभागली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठा-कुणबी जात प्रमाणपत्रांसाठी निजामकालीन पुरावे, वंशावळी, सनदा व महसुली कागद तपासण्याचे काम तिच्याकडे होते.

जनगणनेची मर्यादा

अमेरिकेत १७९० च्या पहिल्या जनगणनेत कुटुंबप्रमुखांची नावे आहेत, तर १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव आढळते. ही पत्रके ७२ वर्षांनंतर खुली होत असल्याने तेथील वंशसंशोधनाचा ती प्रमुख आधार ठरतात. भारतात जनगणना अधिनियम, १९४८ नुसार वैयक्तिक माहिती गोपनीय असून ती पुरावा म्हणून ग्राह्य धरली जात नाही. हैदराबाद संस्थानातील १८८१ पासूनच्या जनगणना अहवालांत व त्यांवर आधारित गॅझेटियरमध्ये जातवार संख्या मिळते, व्यक्तींची नावे मिळत नाहीत. त्यामुळे अशा आकड्यांवरून एखाद्या भागातील समाजरचना कळते, विशिष्ट घराण्याची वंशावळ कळत नाही. १९५१ ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही मात्र नावनिहाय असल्याने उपयुक्त ठरते.

प्रमुख दप्तरे

* महसुली: खासरा पत्रक (१९५४-५५), पाहणी पत्रक, हक्क नोंद पत्रक, कुळ नोंदवही.
* ग्रामपातळी: गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. तिला 'कोतवाल बुक' असेही म्हणतात.
* शालेय: प्रवेश-निर्गम नोंदवही.
* नोंदणी: खरेदीखत, बटाईपत्रक, दत्तकविधान पत्रक, मृत्युपत्र.
* न्यायिक व पोलीस: अटक पंचनामे, गुन्हे नोंदवह्या, इनामविषयक चौकशीची कागदपत्रे.

इनाम जमिनींच्या वारसा-चौकशीत मूळ धारक व त्याचे वारस यांचा उल्लेख येत असल्याने एकाच कागदात अनेक पिढ्या सापडू शकतात. भूमिहीन कुटुंबांसाठी मात्र शाळेची नोंदवही किंवा कोतवाल बुक हाच अनेकदा एकमेव लेखी आधार असतो.

वाचनातील अडचणी

जुने कागद मोडी लिपीतील मराठीत, तसेच उर्दू व फारसीत आहेत. वर्ष पुष्कळदा फसली सनात असते. त्यात सुमारे ५९० मिळवल्यास इसवी सन मिळतो. उदाहरणार्थ, १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. आडनावाऐवजी 'वल्द' किंवा 'बिन' या शब्दाने पित्याचे नाव जोडलेले असते. एकाच गावात समान नावाच्या व्यक्ती असल्यास जमिनीचा सर्वे क्रमांक व भावांची नावे यांवरून त्यांतील योग्य व्यक्ती ओळखावी लागते.

तालुक्यांच्या बदलत्या सीमा ही आणखी एक अडचण होय. बीड जिल्ह्यातील तेलगाव आज धारूर तालुक्यात आहे. परंतु १९६१ च्या जनगणनेच्या वेळी धारूर हा स्वतंत्र तालुका नव्हता. त्यामुळे अशा गावातील कुटुंबाचा शोध घेताना गाव पूर्वी ज्या तालुक्यात होते, तेथील दप्तरही पाहावे लागते. स्थाननामांतही बदल झाले आहेत. अंबाजोगाईचा उल्लेख निजामकालीन कागदांत 'मोमिनाबाद' असा येतो.

पुराव्याची साखळी

संशोधन आजच्या पिढीकडून मागे नेले जाते. जन्म किंवा शाळेच्या दाखल्यावरून वडिलांचे, फेरफार नोंदींवरून आजोबांचे आणि खासरा पत्रकावरून पणजोबांचे नाव निश्चित करता येते. मधला एक दुवा तुटल्यास पुढील नोंद कितीही स्पष्ट असली तरी ती त्या कुटुंबाला लागू करता येत नाही. इतर मागासवर्गीय जात प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा मानीव दिनांक असल्याने त्यापूर्वीच्या नोंदींना अधिक महत्त्व असते. तीर्थक्षेत्रांतील उपाध्यायांच्या वह्या, उदाहरणार्थ नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील नामावळी, तुटलेला दुवा शोधण्यास साहाय्यभूत ठरतात.

मतभेद

२ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदी विचारात घेऊन स्थानिक चौकशीसाठी गावपातळीवर समित्या नेमण्याची तरतूद केली. जमिनीच्या मालकीचा पुरावा नसलेल्यांना १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचे प्रतिज्ञापत्र देण्याची मुभा त्यात आहे. इतर मागासवर्गीय संघटनांनी या निर्णयाला विरोध केला व त्यास न्यायालयात आव्हान देण्यात आले. कागद न उरलेल्या कुटुंबाला न्याय मिळावा, अशी एका बाजूची भूमिका आहे; तर वैयक्तिक पुराव्याची अट शिथिल झाल्यास विद्यमान लाभार्थ्यांचा वाटा घटेल, असा दुसऱ्या बाजूचा आक्षेप आहे.