गाडी दिसली, पाणी आवाजाने सांगितलं

दुष्काळात मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे ‘जलदूत’ १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे लातूरला पोचली. वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांना दिसलं ते एवढंच : इंजिन आणि त्यामागे टाक्यांचे दहा डबे. टाकीत पाणी आहे की तेल, हे चित्र पाहून कसं कळणार? आत पाच लाख लिटर पाणी आहे, गाडी सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून आली आहे, हे घरोघरी सांगितलं ते चेहरा नसलेल्या आवाजाने. हाच व्हॉइस ओव्हर. मराठीत निवेदन किंवा पार्श्वनिवेदन, आणि वाहिनीच्या कचेरीत नुसतं ‘व्हीओ’.

बातमीच्या पॅकेजमध्ये आधी व्हीओ, मग कुणाचा तरी बाइट, म्हणजे बोलण्याचा तुकडा, पुन्हा व्हीओ आणि शेवटी वार्ताहराचं कॅमेऱ्यासमोर बोलणं, म्हणजे पीटूसी, अशी वीण असते. क्रिकेटचं धावतं समालोचन वेगळं. ते खेळ चालू असतानाच सुचत जातं. व्हीओ आधी लिहितात, मग वाचतात आणि चित्रावर बसवतात.

या आवाजाची ताकद देशाला पटवली ती दूरदर्शनवरच्या ‘महाभारता’ने. २ ऑक्टोबर १९८८ पासून दर रविवारी सकाळी फिरत्या चक्रामागून ‘समय’ बोलू लागला. तो आवाज हरीश भिमानी यांचा. मालिकेत सर्वाधिक अधिकाराने बोलणाऱ्या या पात्राला चेहराच नव्हता. पुढे याच भिमानींना ‘मला लाज वाटत नाही’ या मराठी माहितीपटाच्या निवेदनासाठी ६३ वा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. त्याच्या कितीतरी आधी अमिताभ बच्चन यांचाही आवाज १९६९ च्या ‘भुवन शोम’मध्ये निवेदक म्हणून ऐकू आला होता.

आपल्या लातूर-नांदेडकडे मात्र निवेदन केवळ पडद्यावर राहिलेलं नाही. नांदेडला गुरुद्वाऱ्याचं दर्शन घेऊन भाविक संध्याकाळी गोविंद बागेत लेझर शो पाहायला बसतात. प्रकाशाच्या रेषांमधून दहा गुरूंचं चरित्र उभं राहतं, पण प्रसंग कोणता, हे आवाज सांगतो तेव्हाच त्या रेषांना अर्थ येतो. सकाळी दारात घंटागाडीची ध्वनिफीत वाजते, दुपारी सेलची जाहिरात करत भोंगा लावलेली रिक्षा जाते, स्टेशनवर गाडी किती उशिरा येणार तेही असाच कुणीतरी सांगतो. अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’साठी ओळखल्या जाणाऱ्या लातुरात क्लासच्या जाहिरातीलाही भारदस्त आवाज लागतो.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. कानासाठी लिहिताना वाक्य एका दमात संपेल एवढंच ठेवायचं. ‘५,००,०००’ असा आकडा समोर आला की जीभ अडखळते, म्हणून कागदावर ‘पाच लाख’ असंच लिहायचं. घरी रेकॉर्डिंग करायचं तर भिंतीला गादी नाही तर रजई लावायची, म्हणजे आवाज घुमत नाही.

आणि उच्चार! ‘चार दिवसांपासून छावणीत चारा नाही’ हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. ‘चार’मधला च तालव्य, ‘चारा’मधला दंततालव्य; लिपीत दोन्ही सारखेच. ‘जलदूत’मधला ज वेगळा, ‘जनावर’मधला वेगळा. हा भेद मराठी घरात वाढलेल्याला शिकवावा लागत नाही. हल्ली संगणकही मजकूर वाचून दाखवतो, पण त्याला हा भेद अक्षरावरून कळत नाही, संदर्भावरून ओळखावा लागतो. दुष्काळाच्या बातमीत ‘चारा’ चुकला, की औशाच्या शेतकऱ्याला लगेच कळतं, बोलणारा आपल्यातला नाही. म्हणूनच निवेदकासाठी नुसता गोड गळा पुरत नाही, त्याने ते गाव जाणलेलं असावं लागतं.

गाव जाणणारे असे आवाज आपल्याकडेच आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाने किल्लारीची जमीन हादरली. पडलेल्या घरांची छायाचित्रं मुबलक आहेत. ती पहाट अंगावर घेतलेली माणसं आता म्हातारी होत चालली आहेत. लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांत पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांनी त्यांच्यासमोर मोबाईल धरावा, त्यांना त्यांच्याच बोलीत सांगू द्यावं आणि त्या छायाचित्रांवर तोच आवाज बसवावा. या दिवाळीच्या सुट्टीतच सुरुवात करा.