जुनी गाडी दणकट की नवी? अ‍ॅव्हरेज, भरवसा आणि मोबाइलवरून गाडीची तपासणी

घरात पहिली गाडी घ्यायची म्हटलं की दोन पार्ट्या पडतात. एका बाजूला बाबा, मामा आणि शेजारचे काका: "जुन्या गाड्यांचा पत्रा बघ, इंजिन बघ. आताच्या गाड्या म्हणजे नुसतं प्लास्टिक आणि सेन्सर." दुसऱ्या बाजूला आपण, हातात मोबाइल, त्यावर नव्या गाडीचं ब्रोशर आणि त्यात २४-२५ चं अ‍ॅव्हरेज. मधे बजेट, जे बहुतेक वेळा तीन-चार लाखांच्या पुढे जात नाही.

गंमत म्हणजे दोन्ही पार्ट्यांचं थोडं थोडं बरोबर आहे. पण ज्या कारणासाठी त्यांना ते बरोबर वाटतं, ते कारण बऱ्याचदा चुकीचं असतं. म्हणून आधी गाडीच्या आत काय बदललं ते बघू, मग पैशांचं गणित.

"आमच्या वेळच्या गाड्या टिकायच्या"

मुंबईची काळी-पिवळी प्रीमिअर पद्मिनी आठवते? शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत रजिस्टर झाली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. वीस वर्षं मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये! हे ऐकून कुणीही म्हणेल की जुनं ते सोनं.

पण आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक पंचवीस वर्षांची गाडी ही 'वाचलेली' गाडी आहे. तिच्यासोबत शोरूममधून निघालेल्या बाकीच्या कधीच भंगारात गेल्या, आणि भंगारातल्या गाड्या आपल्याला सिग्नलला भेटत नाहीत. शिवाय या वाचलेल्या गाड्यांनी वाटेत किती वेळा कार्बुरेटर साफ करून घेतला, किती क्लच प्लेट खाल्ल्या आणि किती वेळा इंजिन उतरवलं, याचा हिशोब कुणी ठेवत नाही. काकांना "गाडीने कधी दगा दिला नाही" हे आठवतं. उन्हाळ्यात खंडाळ्याच्या घाटात बोनेट उघडून, रेडिएटरमध्ये पाणी ओतत उभं राहणं हे त्या काळी 'दगा' या हेडखाली मोडतच नव्हतं.

कार्बुरेटर आणि कॉम्प्युटर

पेट्रोल नीट जळायला साधारण १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झालं तर धूर निघतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. कमी झालं तर इंजिन अडखळतं, तापतं. हे प्रमाण कोण सांभाळतं, यातच जुन्या-नव्या गाडीचा खरा फरक आहे.

जुन्या गाडीत हे काम कार्बुरेटर करायचा. एका अरुंद नळीतून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि छोट्याशा भोकातून पेट्रोल ओढलं जातं. कल्पना एकदम हुशार, पण हे यंत्र आंधळं आहे. हवा थंड आहे की गरम, पेट्रोल पूर्ण जळलं की नाही, याचा त्याला पत्ताच नसतो. म्हणून थंडीत सकाळी चोक ओढायचा. महाबळेश्वरला गेलात तर साडेतेराशे मीटरवर हवा पातळ होते, पण त्या भोकाचा आकार काही बदलत नाही. मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आणि गाडी जड वाटायला लागते. वर पुन्हा कचरा, झीज, आणि दर थोड्या महिन्यांनी 'ट्यूनिंग'.

भारतात २००० साली प्रदूषणाचे नियम कडक व्हायला लागले आणि मारुती ८०० सकट सगळ्यांनाच कार्बुरेटर सोडून एमपीएफआयकडे जावं लागलं. म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा इंजेक्टर आणि त्यांच्यावर एक कॉम्प्युटर, म्हणजेच ईसीयू. सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपमध्ये एक ऑक्सिजन सेन्सर बसतो. जळून बाहेर पडलेल्या धुरात किती ऑक्सिजन उरला हे तो सांगतो, आणि ईसीयू पुढच्या फवाऱ्यात पेट्रोल कमी-जास्त करतो. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर एका सिलिंडरमध्ये हा फवारा सेकंदाला २५ वेळा उडतो. कुठल्याही मिस्त्रीच्या स्क्रूड्रायव्हरला हे जमणार नाही.

याचा फायदा फक्त पेट्रोल वाचण्याचा नाही. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं. ते थांबलं, त्यामुळे इंजिनची झीज कमी झाली. स्पार्क देणारे कॉन्टॅक्ट पॉइंट गेले, तिथे कॉइल आल्या. कंपन्यांना यावर किती विश्वास आहे ते वॉरंटीत दिसतं: मारुतीने जुलै २०२४ मध्ये आपली साधी वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. वॉरंटी म्हणजे कंपनीने स्वतःच्या खिशातून लावलेली पैज असते, त्यामुळे जाहिरातीपेक्षा मी ती आधी वाचतो.

मग काका चूक आहेत का?

पूर्ण नाही. नवी गाडी कमी वेळा बिघडते, पण बिघडते वेगळ्या पद्धतीने.

जुनी गाडी आधी कुरकुर करते. आवाज बदलतो, वास येतो, स्टार्टिंगला त्रास देते. रस्त्याकडेचा मेकॅनिक पॉलिश पेपरने पॉइंट घासून तिला निदान घरापर्यंत पोचवतो. नव्या गाडीत ईसीयू बिघाड सांभाळून घेतो. इंजेक्टर थोडा चोंदला? वेळ वाढव. हवेची गळती आहे? पेट्रोल थोडं वाढव. ड्रायव्हरला काहीच जाणवत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज बघतो: सर्व्हर अर्धमेला झालेला असतो, पण सिस्टिम पुन्हा पुन्हा प्रयत्न करून उत्तर मिळवत राहते, त्यामुळे युजरला सगळं ठीक वाटतं. मग एक दिवस मर्यादा संपते आणि सगळं एकदम बसतं. गाडीत त्या दिवशी पिवळा इंजिन लाइट लागतो, कधी कधी गाडी मुद्दाम ताकद कमी करून फक्त हळू चालू देते.

आणि मग रस्त्याकडेच्या पॉलिश पेपरचा काही उपयोग नसतो. स्कॅनर लागतो, ओरिजिनल पार्ट लागतो. सगळ्यात वाईट म्हणजे ज्याला कोड वाचता येतो पण त्याचा अर्थ लावता येत नाही असा मेकॅनिक. तो एकेक सेन्सर बदलत जातो आणि बिल आपण भरतो. गावात राहत असाल आणि चांगलं वर्कशॉप ६० किलोमीटरवर असेल, तर 'साधी गाडी बरी' हे म्हणणं अगदी व्यवहारी आहे.

डिझेलवाल्यांसाठी एक खास सूचना. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस६ डिझेल गाड्यांमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. ही काजळी जाळायला एक्झॉस्ट बराच वेळ गरम राहावा लागतो, म्हणजे हायवेवरचं सलग ड्रायव्हिंग. रोज घर ते ऑफिस चार किलोमीटर असेल तर फिल्टर चोंदत जातो, आणि हा पार्ट स्वस्त नाही. शहरात छोट्या फेऱ्यांसाठी बीएस६ डिझेल घेऊ नका, इतकं सरळ सांगतो.

अ‍ॅव्हरेजचं गणित, जे बहुतेक लोक उलटं करतात

ब्रोशरवरचा आकडा येतो एआरएआयसारख्या संस्थेच्या टेस्टमधून (एआरएआयचं ऑफिस पुण्यातच, कोथरूडला आहे). ही टेस्ट लॅबमध्ये रोलरवर होते, वेग ९० च्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा चांगला, पण तो तुमच्या सिंहगड रोडवर मिळणार नाही. खरा आकडा हवा असेल तर टाकी फुल ते टाकी फुल मोजा, तेही दोन-तीन वेळा.

आता मजा बघा. महिन्याला १,००० किलोमीटर, म्हणजे वर्षाला १२,०००. पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये लिटर धरू. १० चं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी वर्षाला १,२०० लिटर पिते, १५ वाली ८०० लिटर. फरक ४०,००० रुपये. आता २० वाली घ्या: ६०० लिटर. आणि २५ वाली: ४८० लिटर. फरक फक्त १२,००० रुपये. दोन्हीकडे अ‍ॅव्हरेज ५ नेच वाढलं, पण बचत तिपटीहून जास्त वेगळी!

म्हणून वाईट अ‍ॅव्हरेजची गाडी बदलणं फायद्याचं, पण चांगल्यावरून अजून चांगल्यावर उडी मारणं हा बहुतेक वेळा मार्केटिंगचा विजय असतो. आधीच्या स्विफ्टचा अधिकृत आकडा मॅन्युअलला २२.३८ होता. २०२४ च्या स्विफ्टमध्ये चारऐवजी तीन सिलिंडरचं नवं इंजिन आलं आणि तो २४.८० झाला. इंजिनीअरिंग म्हणून भारी काम आहे. पण वरच्या हिशोबात वर्षाची बचत होते ५२ लिटर, म्हणजे ५,२०० रुपये.

समजा तुमची जुनी गाडी खरं अ‍ॅव्हरेज १४ देते आणि नवी १८ देईल. वर्षाला १९० लिटर वाचतील, महिन्याला साधारण १,६०० रुपये. आणि ७ लाखांच्या कर्जाचा ९ टक्क्यांनी ५ वर्षांचा हप्ता? १४,५०० च्या आसपास. "पेट्रोल वाचेल त्यातच हप्ता निघेल" असं शोरूममध्ये कुणी म्हणालं, तर मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा.

मोठी उडी खरंच कुठे असेल तर ती स्ट्राँग हायब्रिडमध्ये. ग्रँड विटारा किंवा हायरायडरचा हायब्रिड प्रकार २७.९७ दाखवतो, तोही एसयूव्हीच्या अंगाने, कारण ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. ट्रॅफिकमध्ये हे खूप उपयोगी, पण तीन लाखांच्या बजेटमध्ये हा विषयच नाही.

एक नवा मुद्दा म्हणजे ई२० पेट्रोल. इथेनॉलमध्ये तेवढ्याच लिटरला पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे २० टक्के मिसळलं की अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं की ई१० साठी बनवून ई२० साठी ट्यून केलेल्या गाड्यांत घट १-२ टक्के, आणि बाकीच्यांत ३-६ टक्के. काही जुन्या गाड्यांत २०-३० हजार किलोमीटरनंतर रबराचे पार्ट आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हेही त्यातच होतं. ई२० ला चालणाऱ्या गाड्या साधारण एप्रिल २०२३ पासून आल्या. त्याआधीची गाडी घेताना फ्युएल पाइपवर नजर टाका, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर सरळ मागे फिरा.

मी काय घेईन?

बजेट तीन-चार लाख, वापर शहरातला: २०१६ ते २०१९ ची, टर्बो नसलेली पेट्रोल, मॅन्युअल गिअर, आणि जी तुमच्या भागात भरपूर विकली गेली अशी गाडी. इंजिन कॉम्प्युटरवर चालणारं आहे, पण पार्ट गल्लीत मिळतात. एप्रिल २०१९ नंतरची मिळाली तर उत्तम, कारण तेव्हापासून प्रत्येक नव्या गाडीत एबीएस सक्तीचं आहे. पंधरा वर्षांच्या आसपासची गाडी कितीही स्वस्त वाटली तरी आरसी रिन्यू करायचा खर्च धरा. कारसाठी नुसती फी ५,००० रुपये आहे, ग्रीन टॅक्स आणि फिटनेससाठी करावं लागणारं काम वेगळं.

आता मोबाइल काढा

एप्रिल २०१३ पासून भारतात पेट्रोल-डिझेल गाड्यांना ओबीडी-२ आहे. स्टिअरिंगखाली १६ पिनचं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथ डोंगल लावायचा, टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं अ‍ॅप टाकायचं, आणि गाडी तुमच्याशी बोलायला लागते. (आयफोन असेल तर ब्लूटूथ एलई किंवा वायफायवाला डोंगल घ्या, साधा चालत नाही.)

सेकंड हँड गाडी बघायला जाताना आधी अर्थातच साठवलेले एरर कोड बघा. पण हुशार एजंट ते आदल्या दिवशी पुसून ठेवतो, म्हणून खरी गंमत पुढे आहे. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही शून्यावर येतात. अ‍ॅपमध्ये 'रेडिनेस' नावाच्या यादीत त्या अपूर्ण दिसतात. बऱ्याच गाड्या 'कोड पुसल्यापासून किती किलोमीटर' हेही सांगतात. मालक म्हणतो सहा महिन्यांत गॅरेजला गेलो नाही, आणि अ‍ॅप म्हणतं १२ किलोमीटर. समजून जा.

मग इंजिन गरम करून 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' बघा. ईसीयू किती सांभाळून घेतोय त्याचा हा आकडा. शून्याच्या आसपास असेल तर छान. १० टक्क्यांपेक्षा जास्त वर किंवा खाली असेल तर गळती, इंजेक्टर किंवा सेन्सरची भानगड असू शकते. कूलंटचं तापमान वीस मिनिटं चालवूनही ६०-७० वरच राहत असेल तर थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो. तो पार्ट स्वस्त आहे, पण तोवर गाडी स्वतःला थंड समजून जास्त पेट्रोल ओतत राहते.

रेडिनेस अपूर्ण दिसली तर मालकाला सांगा की गाडी आठवडाभर नेहमीसारखी वापरा, मी पुढच्या रविवारी परत येतो. टोकन त्या रविवारनंतर द्या. आणि डोंगल गाडीत विसरू नका, काही स्वस्त डोंगल गाडी बंद असतानाही बॅटरी पीत राहतात.