विश्लेषण : बाळाचे वृषण खाली उतरले नाही, हार्मोनचे इंजेक्शन लागू पडेल का, हे आधी कळते?

पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या दर १०० मुलग्यांपैकी साधारण तिघांचे एक किंवा दोन्ही वृषण जन्मावेळी पिशवीत उतरलेले नसतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत जाते. ‘गोटी उतरलेली नाही’ असे डॉक्टरांनी सांगितले की घरातून पहिला प्रश्न येतो : इंजेक्शनने काम होईल का, ऑपरेशन टाळता येईल का? याचे उत्तर बऱ्याच अंशी पहिल्या इंजेक्शनआधीच देता येते. कसे, ते समजून घेऊ.

वृषण खाली कसे येते?

गर्भात वृषण पोटात, मूत्रपिंडाजवळ तयार होते. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ते जांघेतून पिशवीत येते. या टप्प्याला टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन लागते. जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत हे हार्मोन पुन्हा थोडा काळ वाढते. याला ‘मिनी प्युबर्टी’ म्हणतात. राहिलेली बरीच वृषणे याच काळात आपोआप उतरतात. सहा महिन्यांनंतर मात्र ही शक्यता फारच कमी उरते.

मग हार्मोन देऊन काय होते?

एचसीजी इंजेक्शनमुळे वृषणातील पेशी जास्त टेस्टोस्टेरॉन तयार करतात. एलएचआरएचचा नाकात मारायचा स्प्रे हेच काम मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीमार्फत करतो. तर्क सरळ आहे, पण यश मर्यादित. युरोपातील मार्गदर्शक सूचनांनुसार जास्तीत जास्त २० टक्के वृषणे याने उतरतात आणि उतरलेल्यांपैकी जवळपास पाचातले एक पुढे पुन्हा वर जाऊ शकते. म्हणजे १०० पैकी २० उतरली, तरी टिकणारी साधारण १६.

कोणाला लागू पडेल, हे कशावरून ठरते?

- जागा : सर्वांत महत्त्वाचा निकष. वृषण पिशवीच्या तोंडाशी असेल तर शक्यता जास्त. जांघेत वर किंवा पोटात असेल तर फारच कमी.
- ‘सरकती’ गोटी : थंडीने किंवा स्पर्शाने वर जाणारी आणि कोमट पाण्याच्या आंघोळीत खाली येणारी गोटी मुळात न उतरलेली नसतेच. तिला उपचार लागत नाही, वर्षातून एकदा तपासणी पुरते. जुन्या अभ्यासांत अशी मुले मिसळली गेल्याने हार्मोनचे यश प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसले.
- वाट चुकलेले वृषण : नेहमीचा मार्ग सोडून मांडीच्या किंवा इतर बाजूला गेलेले वृषण हार्मोनने जागेवर येत नाही.
- रक्ततपासणी : दोन्ही वृषणे हाताला लागत नसतील तर एएमएच, इनहिबिन बी, एलएच, एफएसएच या तपासण्यांवरून वृषणाची ऊती शरीरात आहे की नाही, याचा अंदाज येतो. एचसीजी दिल्यावर टेस्टोस्टेरॉन वाढले, तर ती आहे. नवजात बाळात अशी स्थिती असल्यास तपासणी लांबवू नये. यामागे अधिवृक्क ग्रंथीचा जिवावर बेतणारा जन्मजात आजार असू शकतो.

यात सोनोग्राफीचा फारसा उपयोग होत नाही. अनुभवी डॉक्टरांचा हात जास्त सांगतो.

‘देऊन तर बघू’ म्हटले तर?

इंजेक्शननंतर लिंगाची वाढ, जननेंद्रियावर केस, चिडचिड असे तात्पुरते परिणाम दिसू शकतात. खरे नुकसान वेळेचे आहे. पिशवीचे तापमान शरीरापेक्षा कमी असते. उष्ण जागेत राहिलेल्या वृषणातील, पुढे शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होतात. स्वीडनमध्ये सुमारे १७ हजार पुरुषांवरील अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. १३ वर्षांआधी ऑपरेशन झालेल्यांत वृषणाच्या कर्करोगाचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे २.२ पट, तर त्यानंतर झालेल्यांत ५.४ पट आढळला. हा कर्करोग मुळातच दुर्मीळ आहे; तरीही उशीर महागात पडतो, हे यातून दिसते.

म्हणूनच अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनच्या २०१४ च्या सूचना वृषण उतरवण्यासाठी हार्मोन देऊ नये, असे सांगतात. युरोपातील सूचनांनुसार ऑपरेशन वर्षाच्या आत, फार तर १८ महिन्यांपर्यंत व्हावे. जांघेत हाताला लागणाऱ्या वृषणाच्या ऑपरेशनचे यश ९० टक्क्यांहून अधिक आहे.

हार्मोन मग निरुपयोगी?

नाही. लिंगाची वाढ जन्मतः कमी असलेल्या बाळांना टेस्टोस्टेरॉनचा छोटा कोर्स देतात. तिथे प्रतिसादच निदानाला मदत करतो. वाढ झाली नाही, तर शरीर या हार्मोनला दाद देते का, हे जनुकीय चाचणीतून तपासले जाते.

पालकांनी काय विचारावे?

गोटी नेमकी कुठे आहे? ती सरकती आहे का? दोन्ही बाजू तपासल्या का? बाळ सहा महिन्यांचे झाले (अपुऱ्या दिवसांचे असेल तर मूळ प्रसूतीच्या तारखेपासून मोजून) आणि गोटी उतरली नाही, तर थेट बालशल्यचिकित्सक किंवा बाल-मूत्ररोगतज्ज्ञ गाठावा. ‘मोठा झाला की उतरेल’ या भरवशावर वर्ष घालवू नये.